सोलापूर जिल्हा : ग्रामीण माध्यमिक शिक्षण

भीमा, सीना आणि माण या नद्यांच्या खोऱ्यांतील अकरा तालुक्यांच्या या जिल्ह्यात प्राथमिक शाळा मुख्यतः जिल्हा परिषदेच्या, तर बहुतेक हायस्कुले खाजगी अनुदानित संस्थांची. इमारत आणि कारभार संस्थेचा, शिक्षकांचा पगार शासनाचा. दहावीची परीक्षा पुणे विभागीय मंडळ घेते.

या हायस्कुलांचा पाया पुढाऱ्यांनी आणि गावकऱ्यांनी घातला. कर्मवीर मामासाहेब जगदाळे यांनी 1934 मध्ये बार्शीत श्री शिवाजी शिक्षण प्रसारक मंडळ स्थापन केले. खेड्यातल्या मुलाची राहण्या-जेवण्याची सोय झाल्याशिवाय तो शिकणार नाही, हे ओळखून त्यांनी बोर्डिंग चालवले. सांगोल्यात बापूसाहेब झपके यांनी, तर अकलूजला शंकरराव मोहिते-पाटील यांनी हेच काम आपापल्या तालुक्यात उभे केले.

जिल्ह्यातील सर्व हायस्कुलांना एकाच मापाने मोजता येत नाही. उजनी आणि नीरा कालव्याच्या पाण्यावर माढा, पंढरपूर, माळशिरस हे तालुके उसाचे झाले. मंगळवेढा-सांगोल्याच्या कोरडवाहू गावांतून मात्र कुटुंबे ऊसतोडीला बाहेर पडतात. गळीत हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि मार्चपर्यंत चालतो. दहावीची परीक्षाही फेब्रुवारी-मार्चमध्येच. कोयत्याबरोबर गेलेले मूल सराव परीक्षेला नसते. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापुरात कन्नड माध्यमाच्या शाळाही आहेत.

निकाल लागला की एसटी स्टँडसमोर ‘100 टक्के निकालाची परंपरा’ असे फ्लेक्स लागतात. हे आकडे जपून वाचावेत. राज्याचा दहावीचा निकाल 2018 मध्ये 89.41 टक्के होता. भाषा व सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण बंद होताच 2019 मध्ये तो 77.10 वर आला आणि ते पुन्हा सुरू झाल्यावर 2020 मध्ये 95.30 वर गेला. दोन वर्षांत मुलांची हुशारी इतकी खाली-वर होत नसते. शिवाय टक्केवारी परीक्षेला बसलेल्यांचीच निघते. नववीत सुटलेले किंवा 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवलेले मूल शाळेच्या निकालात दिसत नाही. आठवीच्या पटावरची किती मुले दहावी पास झाली, हीच शाळेची खरी परीक्षा आहे.

गळती सर्वांत जास्त जाणवते ती मुलींची. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्याची साक्षरता सुमारे 77 टक्के होती. पुरुषांची 85, स्त्रियांची साडेअडुसष्ट. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019-21) जिल्ह्यातील 20 ते 24 वयाच्या सुमारे 40 टक्के स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षाआधी झालेले आढळले. एसटीचा मोफत पास मुलीला हायस्कुलापर्यंत नेतो. पण शेवटची गाडी चुकली तर अंधारात घरी कसे यायचे, या भीतीपायी घरचे शाळा बंद करतात.

माढा तालुक्यातील परितेवाडीची शाळा प्राथमिक असली तरी इथे तिचा उल्लेख हवाच. तेथील तेव्हाचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना 2020 चे ग्लोबल टीचर प्राइझ देताना मुलींची शंभर टक्के हजेरी आणि गावात थांबलेले बालविवाह यांची वार्की फाउंडेशनने खास नोंद घेतली. जिल्ह्यातील हायस्कुलांनी फ्लेक्सवर लावावा असा आकडा तोच आहे.