लेक्शिओ दिविना म्हणजे काय? बायबलचे वचन ‘फॉरवर्ड’ करण्याआधीच्या चार पायऱ्या

सूर्योदयाचा फोटो, त्यावर बायबलमधले एक वचन आणि खाली ‘आमेन’च्या कमेंट. व्हॉट्सॲपवर, इन्स्टाग्रामवर अशा पोस्ट तुम्ही पाहिल्या असतीलच. त्यात सतत दिसणारे एक वचन म्हणजे यिर्मयाच्या पुस्तकातील अध्याय २९, वचन ११. देवाच्या मनात तुमच्या भल्याचेच बेत आहेत, तो तुम्हाला आशेचे भविष्य देईल, असा त्याचा आशय आहे. परीक्षेच्या आदल्या दिवशी, मुलाखतीला जाताना, आजारपणात लोक ते एकमेकांना पाठवतात.

पण हे वचन मुळात कोणाला सांगितले होते? त्याच्या आधीच्या ओळीत काय आहे? हे पाहायला फारसे कोणी थांबत नाही. असे थांबून, प्रार्थना करत बायबल वाचण्याची एक जुनी ख्रिस्ती पद्धत आहे. तिचे नाव लेक्शिओ दिविना.

नाव कुठून आले?

‘लेक्शिओ दिविना’ हे लॅटिन शब्द. अर्थ सरळ आहे: पवित्र वाचन. तिसऱ्या शतकातील धर्मपंडित ओरिजेन यांनी आपल्या शिष्याला लिहिलेल्या ग्रीक पत्रात अशा वाचनाचा आग्रह धरला होता. सहाव्या शतकात इटलीतील संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी नियमावली लिहिली. तिच्या ४८व्या प्रकरणात अंगमेहनतीच्या कामाबरोबर या वाचनासाठीही रोजचे तास राखून ठेवलेले आहेत.

आज शिकवल्या जाणाऱ्या चार पायऱ्या बाराव्या शतकात स्पष्ट झाल्या. फ्रान्सच्या आल्प्स पर्वतातील ग्रांद शार्त्रझ मठाचे प्रमुख दुसरे गुइगो यांनी एका मित्राला पत्र लिहिले आणि त्यात पृथ्वीवरून स्वर्गाकडे जाणाऱ्या शिडीची कल्पना मांडली. वाचन, मनन, प्रार्थना आणि ध्यान या त्या शिडीच्या चार पायऱ्या.

चार पायऱ्या, एक उदाहरण

यिर्मयाचेच वचन घेऊन या पायऱ्या पाहू.

१. वाचन: मजकूर काय सांगतो? एका वचनावर न थांबता आजूबाजूचा भाग सावकाश, शक्य असल्यास मोठ्याने वाचायचा. तसे केले की कळते, की हे एक पत्र आहे. इ.स.पू. ५९७मध्ये बाबेलच्या सैन्याने यरुशलेममधून राजा, राजमाता, अधिकारी, कारागीर आणि लोहार यांना कैद करून नेले. त्या निर्वासितांना यिर्मयाने हे पत्र पाठवले. आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा लोकांना सांगतो, की दोन वर्षांत सगळे पूर्ववत होईल. यिर्मयाचे पत्र मात्र ७० वर्षे सांगते. म्हणजे ते ऐकणाऱ्यांपैकी बहुतेक प्रौढांना आपले गाव पुन्हा दिसणार नव्हते.

२. मनन: हे मला काय सांगते? जुने मठवासी यासाठी ‘रवंथ’ हाच शब्द वापरत. गाय जसे खाल्लेले पुन्हा चघळते, तसा एखादा शब्द दिवसभर मनात घोळवायचा. इथे प्रश्न असे पडतात: मी कोणाचे ऐकतो, दोन वर्षे म्हणणाऱ्याचे की सत्तर म्हणणाऱ्याचे? माझ्या हयातीत फळ दिसणार नसेल, तरी मी देवावर विश्वास ठेवीन का?

३. प्रार्थना: मी देवाला काय सांगतो? जे मनात आले ते तसेच बोलायचे. आभार, पश्चात्ताप, मागणे, रागसुद्धा. याच अध्यायात पुढे देव म्हणतो, की मनापासून शोधाल तर मी सापडेन. परिस्थिती लगेच बदलेल असे तिथे म्हटलेले नाही.

४. ध्यान: शब्द थांबवून देवाच्या सान्निध्यात शांत बसायचे. काही ‘अनुभव’ आलाच पाहिजे, अशी अट नाही.

मग कृती कुठे आहे?

चार पायऱ्या मनातच संपतात, असे वाटू शकते. म्हणून २०१०मध्ये पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी ‘व्हेर्बुम दोमिनी’ या दस्तऐवजात ही पद्धत समजावताना स्पष्ट केले, की वाचन कृतीपर्यंत पोहोचल्याशिवाय पूर्ण होत नाही. अनेक जण कृतीलाच पाचवी पायरी म्हणतात.

यिर्मयाचे पत्र कृती नेमकी सांगते. घरे बांधा, मळे लावा, मुलांची लग्ने करा आणि ज्या शहरात तुम्हाला कैद करून नेले, त्याच शहराच्या भल्यासाठी झटा आणि प्रार्थना करा. शत्रूच्या शहरासाठी! ११वे वचन या आज्ञेनंतर येते. पोस्टमध्ये आश्वासन उरते आणि आज्ञा गळून पडते. देवामागे निष्ठेने चालणे म्हणजे काय, हे मात्र त्या गळलेल्या भागात आहे.

कृतज्ञतेचा संबंध काय?

सोळाव्या शतकातील संत इग्नेशियस लोयोला यांनी रोजच्या आत्मपरीक्षणाची पद्धत दिली. त्यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकाला १५४८मध्ये पोपची मान्यता मिळाली. या आत्मपरीक्षणाची पहिली पायरी म्हणजे मिळालेल्या गोष्टींसाठी देवाचे आभार. चुका त्यानंतर पाहायच्या. आधी काय मिळाले ते दिसले, की चुकांकडे घाबरून न जाता पाहता येते.

इथे एक गैरसमज टाळायला हवा. थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौल सर्व परिस्थितीत आभार मानायला सांगतो. प्रत्येक वाईट गोष्टीबद्दल आभार माना, असे तो म्हणत नाही. घरात मृत्यू झाला असताना ‘देवाचे आभार मान’ असे कोणाला सुनावणे म्हणजे श्रद्धा नव्हे. बायबलच्या स्तोत्रसंहितेत विलापाची अनेक स्तोत्रे आहेत आणि ८८वे स्तोत्र तर अंधारातच संपते. तेही प्रार्थना म्हणूनच जपले गेले आहे.

ही पद्धत फक्त कॅथलिकांची आहे का?

नाव कॅथलिक मठांतून आले, पण असे वाचन इतर पंथांतही आहे. मार्टिन लूथर यांनी १५३९मध्ये शास्त्राभ्यासाचे तीन भाग सांगितले: प्रार्थना, मनन आणि कसोटी. कसोटी म्हणजे संकटात वचन पारखले जाणे. अनेक प्रॉटेस्टंट कुटुंबांत रोजच्या ‘क्वाएट टाइम’ची सवय असते. कॅथलिक चर्चमध्ये १९६५च्या ‘देई व्हेर्बुम’ या दस्तऐवजाने सर्व श्रद्धावंतांना, केवळ धर्मगुरूंना नव्हे, प्रार्थनेसह बायबल वाचण्याचे आवाहन केले.

सर्वसामान्यांनी वाचायचे, तर भाषाही त्यांची हवी. पंडिता रमाबाई यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बायकांनाही कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबलचा अनुवाद केला. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९२२मध्ये त्यांचा मृत्यू होईपर्यंत त्या या कामात होत्या. अलीकडच्या काळात वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ मराठीत आणले. २०२०च्या उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

सुरुवात कशी करावी?

- रोज १५ ते २० मिनिटांची एक ठरलेली वेळ निवडा आणि फोन बाजूला ठेवा.
- एखादे शुभवर्तमान घ्या आणि दररोज दहा-बारा वचनेच वाचा.
- मनाला भिडलेला एक शब्द वहीत लिहा.
- त्या दिवशी करायची एक छोटी, नेमकी गोष्ट ठरवा: कोणाला फोन, कोणाची माफी, कोणाला मदत.
- रात्री आधी आभार माना, मग ठरवलेले झाले का ते पाहा.
- अर्थाबद्दल शंका आली तर टीपा असलेले बायबल पाहा किंवा जाणकाराला विचारा. मनाला वाटले तोच अर्थ, असे गृहीत धरू नका.

सवड नसेल, तर एवढे तरी करा. यिर्मयाचे ते वचन पुन्हा फोनवर आले, की पुढे पाठवण्याआधी २९व्या अध्यायाची पहिली १४ वचने वाचा. मग ते कोणाला आणि का पाठवायचे, हे ठरवणे सोपे जाईल.