कौटुंबिक हिंसाचार आणि मुले : आधार व उभारी (मुक्ताईनगर तालुका)

घरातली मारझोड, शिवीगाळ, धमक्या आणि पैशाअडक्याची कोंडी यांची झळ लागलेली अठरा वर्षांखालील मुले, तसेच त्यांना सावरण्यासाठी कुटुंब, शाळा, दवाखाना, पोलीस व न्यायालय यांनी करायची मदत, हा या नोंदीचा विषय आहे. भारतात याचा मुख्य कायदेशीर आधार म्हणजे ‘कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५’. तो २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. दत्तक, सावत्र किंवा सांभाळायला घेतलेले मूलही त्याच्या व्याख्येत येते. व्यवहारात मात्र अर्जदार बहुधा आई असते आणि मूल तिच्या अर्जाला जोडून येते. संरक्षण अधिकाऱ्याने भरायच्या घटना अहवालाचा नमुना उघडला की हे दिसते. त्यात मुलांसाठी एक छोटा तक्ता आहे : नाव, वय, लिंग आणि सध्या कोणाकडे राहते. मारहाण चालू असताना मूल कुठे होते, त्याने काय पाहिले, मध्ये पडताना त्याला लागले का, दुसऱ्या दिवशी ते शाळेत गेले का, यासाठी त्या तक्त्यात रकाना नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२१ च्या कायद्याने घरातला छळ पाहणाऱ्या, ऐकणाऱ्या मुलाला स्वतंत्र पीडित ठरवले. आपल्याकडेही तसेच धरले पाहिजे, अशी या नोंदीची भूमिका आहे. त्यासोबत दुसरी गोष्टही तितकीच महत्त्वाची : मुलाची उभारी आईच्या सुरक्षिततेतून होते आणि ती जिल्ह्याच्या कचेरीपेक्षा त्याच्या रोजच्या शाळेत, गल्लीत व घरात घडते.

मुक्ताईनगर (पूर्वीचे एदलाबाद) हा जळगाव जिल्ह्याच्या पूर्व टोकाचा तालुका. तापी-पूर्णेचा संगम याच तालुक्यात, चांगदेव येथे आहे. एका बाजूला मध्य प्रदेशातला बऱ्हाणपूर जिल्हा, दुसऱ्या बाजूला बुलढाणा. केळी आणि कापूस ही शेतीची मुख्य पिके. सासर-माहेरचे संबंध या सीमा ओलांडून जातात आणि त्याचा या विषयाशी थेट संबंध येतो, तो पुढे पाहू. संकटातल्या मुलासाठीची बहुतेक यंत्रणा इथून साठएक किलोमीटरवर, जळगावात आहे : बाल कल्याण समिती, जिल्हा महिला व बालविकास अधिकारी, ‘सखी’ वन स्टॉप सेंटर, २०१८ मध्ये सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. गावात असतात त्या अंगणवाडी सेविका, आशा, शिक्षक, पोलीस पाटील आणि सरपंचांच्या अध्यक्षतेखालची बाल संरक्षण समिती. मार खाल्लेल्या बाईने दोन मुलांना घेऊन एसटीने जळगाव गाठायचे, दिवसाची मजुरी बुडवायची आणि संध्याकाळी त्याच घरी परतायचे, अशी मदतीची रचना असेल तर ती कागदावर पूर्ण असूनही मुलापर्यंत पोचत नाही.

प्रश्न किती मोठा आहे, याचा अंदाज राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणावरून येतो. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहित किंवा पूर्वी विवाहित स्त्रियांपैकी २५.२ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचे सांगितले. आधीच्या फेरीत हे प्रमाण २१.३ टक्के होते. देशपातळीवर, शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी केवळ १४ टक्के स्त्रियांनी कोणाकडे तरी मदत मागितली. या दुसऱ्या आकड्यातून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. आई बोलत नसते, तेव्हा घरात काय चालले आहे याची पहिली खूण बाहेर येते ती मुलातून. सुटलेली सवय परत येऊन अंथरूण ओले होणे, डॉक्टरांना कारण न सापडणारी पोटदुखी, वर्गात कोणी आवाज चढवला की दचकणे, धाकट्यावर हात उगारणे, आईला एकटे सोडायला नको म्हणून शाळा बुडवणे, या त्या खुणा. एखादी खूण इतर कारणानेही दिसू शकते; चार-पाच एकत्र दिसल्या आणि महिनोन्महिने टिकल्या, तर शिक्षकाने त्या नोंदवून ठेवल्याच पाहिजेत.

‘मूल लहान आहे, विसरून जाईल’ हा सर्वांत जुना आक्षेप आहे. पुरावा त्याच्या विरुद्ध जातो. अमेरिकेत फेलिट्टी, अँडा व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बालपणीचे सात प्रकारचे आघात आणि प्रौढपणीचे आजार यांचा संबंध तपासला. आईला मारहाण होताना पाहणे हा त्यांपैकी एक आघात होता. आघातांचे प्रकार जितके अधिक, तितके नैराश्य, व्यसन आणि हृदयविकार यांचे प्रमाण वाढत गेले. लंडनमध्ये २०११ साली झालेल्या मेंदूच्या अभ्यासात घरातली हिंसा अनुभवलेल्या मुलांना रागीट चेहरे दाखवले, तेव्हा धोका ओळखणारे मेंदूचे भाग इतर मुलांपेक्षा जास्त सक्रिय झाले. युद्धावरून आलेल्या सैनिकांतही असेच आढळले होते. म्हणजे शब्दांत आठवण उरली नाही तरी सावधपणा शरीरात मुरतो. परदेशातले निष्कर्ष खानदेशात कशाला लावायचे, असे कोणी विचारील. विचारावेच. पण आपले राष्ट्रीय सर्वेक्षणही हेच सांगते की वडिलांनी आईला मारल्याचे पाहिलेल्या मुलींच्या वाट्याला लग्नानंतर हिंसा येण्याचे प्रमाण इतरांपेक्षा बरेच जास्त असते. मार सोसायचा असतो हा धडा मूल घरातच गिरवते.

मात्र याच पुराव्याचा दुसरा भाग सहसा कोणी सांगत नाही. ११८ अभ्यास एकत्र करून २००३ मध्ये केलेल्या विश्लेषणात हिंसा पाहिलेल्या मुलांपैकी ६३ टक्के मुलांची स्थिती तशी हिंसा न पाहिलेल्या सरासरी मुलापेक्षा वाईट निघाली. उरलेली ३७ टक्के मुले त्या सरासरीइतकी किंवा तिच्याहून बरी होती. ‘असल्या घरातले पोर वायाच जाणार’ हे चावडीवरचे भाकीत त्यामुळे खोटे ठरते, आणि ते क्रूरही आहे. हवाई बेटांतल्या कौआई येथे १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर यांनी अनेक दशके मागोवा घेतला. अत्यंत प्रतिकूल घरातली जवळपास एक तृतीयांश मुले धडधाकट, कर्ती माणसे झाली. त्यांच्यात ठळकपणे आढळलेली गोष्ट म्हणजे निदान एका माणसाचा टिकाऊ जिव्हाळा : आई, आजी, शिक्षक, कोणी तरी. उपचारांचे प्रयोगही याच दिशेने बोट दाखवतात. अ‍ॅलिशिया लीबरमन यांच्या गटाने २००५ मध्ये ७५ माय-लेकरांच्या जोड्यांवर प्रयोग केला. आई आणि शाळापूर्व वयाचे मूल यांना सुमारे वर्षभर दर आठवड्याला एकत्र बसवून उपचार दिल्यावर मुलांची लक्षणे तुलनेच्या गटापेक्षा अधिक उतरली. दोन वर्षांनी मिशिगनमधल्या एका प्रयोगातही केवळ मुलांसोबत काम करण्यापेक्षा मुले आणि आई दोघांसोबत केलेले काम सरस ठरले. आईला धीर, निवारा आणि उत्पन्न मिळणे हा मुलाच्या उपचाराचाच भाग आहे, असे यावरून म्हणता येते.

यावरचा मोठा आक्षेप गावच्या बैठकीत ऐकू येतो : ‘पोरांकडे पाहून संसार टिकवा.’ महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २००७ पासून तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली आणि गावातला तंटा गावातच मिटवण्याला प्रतिष्ठा मिळाली. बांधाच्या भांडणात ते योग्यच आहे, कारण दोन्ही बाजू साधारण बरोबरीच्या असतात. घरातल्या मारहाणीत तसे नसते. जिच्यावर हात उगारला जातो तिची समजूत घालून तिला परत पाठवले की तंटा मिटल्याची नोंद होते आणि मूल त्याच खोलीत झोपायला जाते. आई-वडील एकत्र असणे मुलाच्या हिताचे असते, हे बहुतेक घरांबाबत खरेच आहे; पण ते हित भीती नसलेल्या घरातून मिळते. आक्षेपात तथ्य आहे ते एवढे, की वेगळे होण्याचा काळ सर्वांत धोक्याचा असतो आणि आई-मुले अनेकदा एकदम गरिबीत ढकलली जातात. म्हणून २००५ च्या अधिनियमाने त्याच काळासाठी आदेश ठेवले आहेत : कलम १९ खाली राहत्या घरातून हाकलू न देण्याचा, कलम २० खाली आई व मुलांच्या खर्चाचा, कलम २३ खाली तातडीचा अंतरिम. पहिली सुनावणी साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत लावण्याचा प्रयत्न करावा, असे कलम १२ सांगते. तारखा लांबल्या की जी आई उसनवारीवर तग धरून असते ती परत जाते, आणि मुलाचा दोष नसताना त्याची उभारी तिथेच थांबते.

वडिलांविषयीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. मारणाऱ्या वडिलांवर मूल प्रेम करू शकते, त्यांची वाट पाहू शकते. त्यात त्याचे काही चुकत नाही आणि आईने किंवा समुपदेशकाने त्याला त्यासाठी खजील करू नये. कलम २१ यात चांगली वाट काढते. न्यायदंडाधिकारी मुलाचा तात्पुरता ताबा अर्जदाराकडे देऊ शकतात व वडिलांच्या भेटींची व्यवस्था ठरवू शकतात. मात्र भेट मुलाच्या हिताला बाधक ठरेल असे वाटले तर ती नाकारलीच पाहिजे. भेटीचा हक्क आधी आणि सुरक्षितता मागून, असा क्रम यात नाही.

मुलाला सरळ बालगृहात ठेवावे, तिथे निदान जेवण आणि शाळा मिळेल, असे म्हणणारी माणसे सद्भावनेनेच बोलतात. बाल न्याय अधिनियम, २०१५ मात्र संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय मानतो. घरातल्याच माणसाकडून इजा झालेले मूल त्या कायद्याप्रमाणे ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक’ ठरते. त्याला चोवीस तासांत बाल कल्याण समितीपुढे आणावे लागते. समितीत अध्यक्ष व चार सदस्य असतात. आई सांभाळायला समर्थ असेल तर तिच्याकडून मूल काढून घेणे म्हणजे मार खाल्ल्याची शिक्षा दोघांना देणे होय. राज्याची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना इथे जास्त उपयोगी पडते : मूल घरच्या माणसांतच राहते आणि महिन्याला २,२५० रुपये मिळतात (२०२३ पूर्वी ही रक्कम १,१०० होती). आई-वडिलांतला तीव्र बेबनाव आणि न्यायालयीन वा पोलीस प्रकरणे असलेल्या कुटुंबांतली मुलेही तिच्या कक्षेत येतात, हे पुष्कळ मातांना ठाऊक नसते. निवाऱ्याच्या नियमांत एक बोच आहे. ‘सखी’ केंद्रात आईबरोबर राहायला मुलींना वयाची मर्यादा नाही, मुलग्यांना आहे. मिसरूड फुटू लागलेला भाऊ मग नातेवाइकांकडे किंवा दुसऱ्या संस्थेत जातो. भावंडांची एकमेकांना असलेली साथ हा मुलांचा मोठा आधार. ज्या मुक्ताबाईंच्या नावाने हा तालुका ओळखला जातो, त्या परंपरेनुसार आईबापांविना वाढलेल्या चार भावंडांतल्या धाकट्या, हे इथे आठवते. मुलग्यांवरची ही वयाची अट बदलायला हवी.

उभारीचे खरे ठिकाण शाळा आहे, आणि तिथे कायदे आपल्याला वाटतात त्यापेक्षा धारदार आहेत. आई रातोरात माहेरी आली की पहिली अडचण दाखल्याची. जुन्या शाळेतला दाखला आणायचा तर सासरच्या गावी जावे लागणार. शिक्षण हक्क कायदा, २००९ चे कलम ५ सांगते की मुलाला कोणत्याही कारणाने, राज्यात किंवा राज्याबाहेर, दुसऱ्या शाळेत जाता येते आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश लांबवता वा नाकारता येत नाही. बऱ्हाणपूरहून मुक्ताईनगरला आलेल्या तिसरीतल्या मुलीला वर्षाच्या मध्यावरही दुसऱ्या दिवशी वर्गात बसवता येते. तसेच २००५ च्या अधिनियमातले संरक्षण आदेशाचे कलम १८ : पीडित व्यक्ती बालक असेल तर हिंसा करणाऱ्याला त्याच्या शाळेत यायलाच मनाई करता येते. असा आदेश झाला तर त्याची प्रत मुख्याध्यापकांच्या टेबलावर पोचायला हवी. नाहीतर शाळा सुटताना फाटकाशी उभ्या राहिलेल्या बापाच्या हाती मूल सोपवणाऱ्या शिपायाला दोष कसा द्यायचा? मार्च २०२२ च्या शासन निर्णयाने शाळांत सखी सावित्री समित्या आल्या. त्यांच्या बैठकीत सलग गैरहजर मुलांची नावे वाचली गेली तरी बरेच कळेल. शिक्षकाने चौकशी अधिकारी व्हायचे नाही. खोदून विचारायचे नाही, ‘कुणाला सांगणार नाही’ असे वचनही द्यायचे नाही, कारण १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर कळवण्याची वेळ येऊ शकते. मुलाला त्याच्याच बोलीत, लेवा गणबोलीत किंवा तडवींच्या बोलीत, बोलू द्यायचे. रोजची जागा, खिचडी, खेळाचा तास चुकू द्यायचा नाही.

कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा सूड म्हणून वापरला जातो, हा आक्षेपही विचारात घ्यायला हवा. काही अर्ज अतिरंजित असतील. त्यांची छाननी पुराव्याने होते आणि या कायद्यातले आदेश मुळात दिवाणी स्वरूपाचे आहेत. संरक्षण आदेश मोडला तरच एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, होऊ शकतात. मुलाच्या बाजूने पाहिले तर खरी उणीव माणसांची आहे. संरक्षण अधिकाऱ्यांवर इतर कामांचा भार असतो. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना जिल्हा व तालुका पातळीवर हे अधिकारी निश्चित करण्यास सांगितले, यावरून वीस वर्षांनंतरची स्थिती कळते. तालुक्यातल्या आईसाठी कलम २७ मोलाचे आहे : ती तात्पुरती जिथे राहते तिथल्या न्यायालयातही अर्ज करता येतो आणि आदेश भारतभर लागू होतो, म्हणजे सासर बऱ्हाणपूरकडचे असले तरी माहेरच्या तालुक्यातूनच तिला दाद मागता येते. सुरक्षितता मिळून काही महिने लोटले तरी झोप, भूक, बोलणे सावरत नसेल, मूल स्वतःला इजा करीत असेल किंवा मरणाची भाषा बोलत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाची गरज असते. ऑक्टोबर २०२२ पासून चालू असलेल्या टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येते. तातडीच्या धोक्यात ११२, आणि आईसाठी १८१.