शरीफजी ते शरभेंद्र

परमुलखात नोकरी करणाऱ्या मराठी कुटुंबात मुलाच्या नावाचा प्रश्न घरच्यापेक्षा अधिक दिवस रेंगाळतो. आत्याबाई दूर असतात, पत्रोपत्री नावांच्या याद्या येतात, आणि शेजारी विचारतात, "हे नाव कुठले?" बंगळुरात आम्हां कारकुनांच्या हजेरीपटावर तर नावामागे आद्याक्षर लावण्याची दक्षिणी रीत, तेथे आडनाव लोपते आणि सारा भार एकट्या नावावर येतो. अशा वेळी आम्हांस याच शहराचा एक जुना जहागीरदार आठवतो.

१६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाने केंपेगौडाकडून बंगळूर घेतले व येथील कारभार शहाजी भोसल्यांकडे आला. 'शहाजी' हे नाव आज आपल्या कानांस इतके मराठी वाटते, की त्याचे नवल उरलेले नाही. शिवभारतातील व बखरींतील हकीकत अशी, की मालोजी व उमाबाई यांस पुष्कळ काळ संतान नव्हते. अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, शाह शरीफ या पिरास त्यांनी नवस केला. दोन पुत्र झाले, आणि पिराचे एक नाव दोघांत वाटले गेले: थोरला शहाजी, धाकटा शरीफजी. शंभुमहादेवाचे हे निस्सीम भक्त घराणे. तरी ऋण फेडताना त्यांनी धर्माची कुंपणे पाहिली नाहीत. नावात बदल केला तो एवढाच, की शेवटी आपला 'जी' जोडला.

शरीफजी १६२४ मध्ये भातवडीच्या रणात पडले. नाव मात्र मेले नाही. भोसल्यांची रीतच अशी, की गेलेल्या माणसास नावाने परत घरात आणावे. शहाजींचा थोरला पुत्र संभाजी कनकगिरीस कामी आला, आणि १६५७ मध्ये शिवाजीमहाराजांच्या पुत्राचे नाव संभाजीच ठेवले गेले. बंगळूरच्या शाखेतही तेच घडले. व्यंकोजींनी तंजावर घेतले ते १६७५-७६ च्या सुमारास. थोरला पुत्र १६८४ मध्ये बाराव्या वर्षी गादीवर बसला. म्हणजे त्याचा जन्म झाला तेव्हा व्यंकोजींचे ठाणे बंगळूरच होते. त्याचे नाव शहाजी, पाठच्याचे सरफोजी. आजोबा व चुलत आजोबा, दोघेही घरात पुन्हा नांदू लागले!

औरंगजेबाने शाहूमहाराजांस 'शाहू' हे नाव दिले, अशी आख्यायिका आहे. आम्हांस ती अनावश्यक वाटते. ज्या घराण्याचा मूळपुरुष शहाजी, त्यास हे नाव बादशहाकडून उसने कशाला हवे?

खरी मौज पुढे आहे. तमिळ लिपीत 'फ' नाही. तेथे 'प' लिहावा आणि स्वरांमध्ये त्याचा उच्चार 'ब'कडे झुकावा, असा प्रकार. त्यामुळे सरफोजीचे 'सरबोजी' झाले, आणि संस्कृतज्ञांनी त्यात शरभ शोधला. सरस्वती महाल ग्रंथालय वैभवास नेणारे दुसरे सरफोजी (राज्यकाल १७९८-१८३२) काव्यांत 'शरभेंद्र' म्हणून वावरतात. 'शरभेंद्र भूपाल कुरवंजी' त्यांच्यावरच आहे. याच राजाने १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरविला. नगरच्या पिराचे नाव असे शिवाच्या एका उग्र रूपाशी जाऊन मिळाले, आणि कोणास त्यात विसंगती दिसली नाही.

तंजावरच्या सरकारी महाविद्यालयाच्या पाटीवर ते आजही आहे: राजा सरफोजी.