परदेशातील खाजगी इंग्रजी शाळेची निवड : जपानमधील ‘नोव्हा’ संस्थेच्या उदयास्ताचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
इंग्रजीच्या अध्यापनासाठी परदेशी जाणाऱ्या शिक्षकापुढील पहिला प्रश्न शाळेच्या निवडीचा असतो. ही निवड बहुधा संस्थेचे नाव, शाखांची संख्या, देऊ केलेले वेतन आणि निवासाची सोय यांवरून केली जाते. हे निकष कितपत विश्वसनीय आहेत, याचा शोध प्रस्तुत लेखात जपानमधील ‘नोव्हा’ या संस्थेच्या आधारे घेण्यात आला आहे. शाळेकडे पैसा कोणत्या मार्गाने येतो आणि शिक्षकाचे वेतन, घर व व्हिसा कोणाच्या हाती असतो, हे प्रश्न संस्थेच्या आकारापेक्षा अधिक निर्णायक ठरतात, असे हा इतिहास दर्शवितो.

पूर्वपीठिका :
खाजगी भाषाशाळांच्या साखळीचा प्रारंभ मॅक्सिमिलियन बर्लिट्झ यांनी १८७८ मध्ये अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स येथे केला. जी भाषा शिकवायची तिच्यातच शिकवायचे, ही त्यांची पद्धती होती. त्यामुळे ती भाषा मातृभाषा असलेला शिक्षक हेच शाळेचे भांडवल बनले. असे शिक्षक दूरदेशाहून आणावे लागत असल्याने मध्यस्थांचाही शिरकाव झाला. ऑक्टोबर १९०४ मध्ये पुढे कादंबरीकार म्हणून विख्यात झालेले जेम्स जॉइस मध्यस्थाच्या आश्वासनावर विसंबून झुरिकच्या बर्लिट्झ शाळेत पोहोचले, तेव्हा तेथे जागाच रिक्त नव्हती. त्यांना त्रिएस्तेला पाठविण्यात आले. तेथेही काम नव्हते. अखेर तत्कालीन ऑस्ट्रिया-हंगेरीतील पोला येथे त्यांना नोकरी मिळाली. संस्था नामांकित असली तरी मध्यस्थाचा शब्द म्हणजे नेमणूक नव्हे, हा धडा या व्यवसायाच्या आरंभकाळातच मिळाला होता.

‘नोव्हा’ची वाढ :
जपानमध्ये इंग्रजी संभाषणाच्या खाजगी वर्गांना ‘एइकाइवा’ म्हणतात. नोझोमु साहाशी यांनी १९८१ मध्ये ओसाका येथे ‘नोव्हा’ची स्थापना केली. रेल्वे स्थानकासमोर शाखा उघडून ‘स्थानकासमोरच परदेशी शिक्षण’ अशी जाहिरात संस्थेने केली. १९९६ मध्ये तिचे समभाग बाजारात नोंदविले गेले. भरभराटीच्या काळात तिच्या ९०० हून अधिक शाखा होत्या. १९९८ मध्ये जपान सरकारने नोकरदारांच्या प्रशिक्षण-शुल्काचा मोठा भाग परत देणारी योजना सुरू केली; तिचाही लाभ अशा वर्गांना झाला. २००३ मध्ये या अनुदानात कपात झाली.

संस्थेचा आर्थिक पाया आगाऊ शुल्कावर उभा होता. विद्यार्थी शेकडो तासिका एकदम विकत घेत आणि जितक्या अधिक तासिका घ्याव्यात तितका प्रत्येक तासिकेचा दर कमी होई. अशा रीतीने न शिकविलेल्या तासिकांचे पैसे आधीच हाती येत. हिशेबाच्या दृष्टीने ते विद्यार्थ्यांचे देणे होते. परंतु ते नव्या शाखा व जाहिरातींवर खर्च होत गेले. नवे विद्यार्थी येत राहतील तोवरच ही रचना टिकणार होती.

कोसळणे आणि शिक्षकांची अवस्था :
विद्यार्थ्याने मध्येच करार सोडल्यास झालेल्या तासिकांचा हिशेब चढ्या दराने करून परतावा कमी केला जाई. जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने ३ एप्रिल २००७ रोजी ही पद्धत अवैध ठरविली. जून २००७ मध्ये अर्थ, व्यापार व उद्योग मंत्रालयाने दीर्घ मुदतीचे नवे करार करण्यास सहा महिने बंदी घातली. नव्या शुल्काचा ओघ आटला, परताव्याची मागणी वाढली आणि वेतने थकू लागली. २६ ऑक्टोबर २००७ रोजी संस्थेने ओसाका जिल्हा न्यायालयाकडे संरक्षण मागितले व शाखा बंद झाल्या. त्या वेळी सुमारे ४,००० परदेशी शिक्षक तिच्या सेवेत होते. कर्मचाऱ्यांच्या राखीव निधीतील पैसा शुल्क-परताव्याकडे वळविल्याबद्दल २००९ मध्ये साहाशी यांना न्यायालयाने दोषी ठरविले.

वेतन बुडणे हा या आघाताचा एक भाग होता. अनेक शिक्षक संस्थेने भाड्याने घेतलेल्या घरांत राहत. त्यांच्या पगारातून भाडे कापले जात होते, मात्र ते घरमालकांपर्यंत पोहोचत नव्हते. परिणामी घर रिकामे करण्याच्या नोटिसा शिक्षकांच्या हाती पडल्या. जी निवासाची सोय नोकरी स्वीकारताना आकर्षण वाटली होती, तीच संकटात गळफास ठरली.

दोन गोष्टींनी मात्र आधार दिला. १९७६ च्या वेतन-हमी कायद्यानुसार दिवाळखोर मालकाकडे थकलेल्या वेतनाचा ८० टक्क्यांपर्यंतचा भाग, ठरावीक मर्यादेत, शासनाकडून मिळू शकत होता आणि परदेशी कामगारही त्यास पात्र होते. तसेच जपानमधील निवास-परवाना कामाच्या प्रकाराशी निगडित असतो, एका मालकाशी नव्हे. म्हणून तेथेच दुसरी नोकरी शोधणे शक्य होते. दक्षिण कोरियातील ई-२ व्हिसा मात्र नोकरी देणाऱ्या संस्थेशी बांधलेला असतो. तेथे अशा प्रसंगी शिक्षकाची कोंडी अधिक होते.

‘नोव्हा’ हा अपवाद नव्हता. १९७३ मध्ये स्थापन झालेली ‘जिऑस’ ही मोठी संस्थाही एप्रिल २०१० मध्ये दिवाळखोरीत गेली.

निष्कर्ष :
१) शाखांची संख्या व बाजारातील नोंदणी ही स्थैर्याची हमी नव्हे. मासिक शुल्क घेणारी लहान शाळा दीर्घ मुदतीचे आगाऊ शुल्क घेणाऱ्या मोठ्या साखळीपेक्षा सुरक्षित असू शकते.
२) नेमणूक मध्यस्थाच्या पत्राने नव्हे, तर शाळेने स्वाक्षरी केलेल्या कराराने सिद्ध होते.
३) वेतन, निवास व व्हिसा एकाच हाती असल्यास एका संस्थेच्या पतनाने तिन्ही आधार एकदम जातात. शक्य तेथे घराचा करार स्वतःच्या नावे असावा.
४) थकीत वेतन व मालक बदलण्याची मुभा यांविषयीचा त्या देशाचा कायदा प्रस्थानापूर्वीच जाणून घ्यावा.

इंग्रजीचे पदव्युत्तर विद्यार्थी परदेशातील अध्यापनाविषयी सल्ला विचारतात, तेव्हा वेतनाचा आकडा सर्वप्रथम चर्चेत येतो. तो आकडा कोणत्या पैशातून दिला जाणार आहे, हा प्रश्न त्याच्याही आधी विचारला जावा, हेच या इतिहासाचे सांगणे आहे.