लग्नचौकापासून चित्रपुस्तकापर्यंत

वारली चित्रांची पुस्तके आज शहरातल्या मुलांच्या हातात दिसतात. या चित्रांचे मूळ डहाणू-तलासरीकडच्या पाड्यांवरल्या लग्नघरात आहे. कारवीच्या कुडाची भिंत शेणामातीने सारवायची, तिच्यावर गेरूचा हात फिरवायचा आणि तांदळाच्या पिठात बांबूची काडी बुडवून सवाशिणींनी चौक लिहायचा, अशी रीत. मधोमध पालघाट देवी, जवळच छोट्या चौकटीत पंचशिऱ्या देव, भोवती झाडे, जनावरे आणि तारपा या वाद्याच्या सुरावर फेर धरलेली माणसे. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणत लग्न लावी. चौकाखाली कुणाचे नाव नसे. तो लिहिणाऱ्या बाया पाड्यातल्याच असत, त्या सगळ्यांना ठाऊक असत.

ही चित्रे भिंतीवरून कागदावर आली ती भास्कर कुलकर्णी या चित्रकारामुळे. बिहारच्या दुष्काळात भिंतींवर चित्रे काढणाऱ्या मिथिलेतल्या बायकांच्या हाती कागद देण्याच्या कामात ते होते. १९७०च्या दशकाच्या आरंभी ते डहाणूच्या पाड्यांवर हिंडले. गंजाडला त्यांना जिव्या सोमा मशे भेटले. घरात लग्नकार्य नसतानाही मशे रोज चित्र काढत. १९७६ मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार आणि २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. वारली चित्राला चित्रकाराचे नाव जोडले जाऊ लागले ते या काळात. इकडे तारापूरला १९६९ मध्ये अणुवीज केंद्र सुरू झाले होते, पुढे बोईसरला कारखाने उभे राहिले. पक्की घरे वाढत गेली, कुडाच्या भिंती कमी होत गेल्या. कागद आला नसता, तर भिंतींबरोबर यातले बरेच काही गेले असते.

चित्राचे पुस्तक व्हायचे, तर ते हाती धरणारे मूलही हवे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. पाने, बिया, शिंपले हीच तिथली शिकवण्याची साधने होती. आदिवासी मुलाने आपल्या परिसरातूनच शिकावे, हा विचार डहाणूच्या परिसरात तेव्हाच रुजला.

चेन्नईच्या तारा बुक्स या प्रकाशनसंस्थेने २००९ मध्ये गीता वुल्फ यांचे ‘डू!’ हे मुलांचे पुस्तक काढले. त्यात रमेश हेंगाडी आणि शांताराम धडपे या वारली चित्रकारांचे काम आहे. तपकिरी कागदावर हाताने छापलेल्या या पुस्तकात एकेका क्रियापदाभोवती गावातली कामेधामे मांडली आहेत. महत्त्वाची गोष्ट म्हणजे चित्रकारांची नावे पुस्तकावर आहेत.

पुस्तकानंतरचा टप्पा पडद्याचा. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’वर आचार्य अत्र्यांनी १९५३ मध्ये चित्रपट काढला. त्याला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले, आणि आजही तो साने गुरुजींच्या नावाने ओळखला जातो. वारली चित्रांचे मात्र तसे होत नाही. २०१४ मध्ये या कलेला भौगोलिक मानांकन मिळाले, तरी चादरींवर, कपांवर, भिंतींवर ती बिननावाची फिरते. मानांकन कलेला संरक्षण देते. चित्र काढणाऱ्या हाताचे नाव आपणच लावायला हवे.

वारली चित्रांतून मुलांसाठी कुणी चित्रपट काढणार असेल, तर चित्रकार पाड्यावरचा घ्यावा, गाणी धवलेरीकडून ऐकावीत, दोघांची नावे पडद्यावर द्यावीत आणि मानधन रीतसर द्यावे. पालकांनीही वारली चित्रांचे पुस्तक मुलाच्या हाती देताना चित्रकाराचे नाव आधी वाचून दाखवावे.