व्यवस्थापक-प्रशिक्षण (शेतकरी उत्पादक कंपन्या, खानदेश)

जळगाव-धुळे पट्ट्यातील शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला, म्हणजे गावकऱ्यांच्या ‘सीईओ’ला, व्यापारासाठी तयार करणारे शिक्षण.

खानदेशात कापसाचा धनी बरीच वर्षे सरकार होते. 1972 मध्ये सुरू झालेल्या एकाधिकार खरेदी योजनेत भाव वरून ठरून येई. केंद्रावरच्या माणसाने मोजायचे, नोंदायचे आणि गाडी रिकामी करायची. ती योजना गुंडाळली गेली. 2016 मध्ये फळे-भाजीपालाही बाजार समितीच्या बंधनातून सुटला. 1990 नंतर पूर्व युरोपातल्या सरकारी कारखान्यांचे व्यवस्थापक ज्या पेचात सापडले, त्याचीच ही धाकटी आवृत्ती: ठरलेला कोटा भरणाऱ्याने आता गिऱ्हाईक शोधायचे.

कंपनी कायद्यात 2002 मध्ये आलेल्या तरतुदींनुसार किमान 10 उत्पादक अशी कंपनी काढू शकतात. संचालक 5 ते 15. पूर्णवेळ मुख्य कार्यकारी मात्र सभासदांबाहेरचाच हवा. 2020 च्या केंद्रीय योजनेत (उद्दिष्ट 10,000 कंपन्या) त्याच्या पगारासाठी दरमहा 25,000 रुपयांपर्यंत मदत मिळते, तीही तीनच वर्षे. चौथ्या वर्षी पगार धंद्यातून निघाला पाहिजे. प्रशिक्षणाचे राष्ट्रीय सुकाणू लखनौच्या ‘बर्ड’ आणि गुरुग्रामच्या ‘लिनाक’ या संस्थांकडे आहे.

नोंदणी, विवरणपत्रे, योजनांचे अर्ज हे शिकवायला सोपे, म्हणून अभ्यासक्रमात तेच फुगते. खरी सुरुवात काट्यापासून व्हावी. 12 टक्के ओलाव्याचा 100 क्विंटल कापूस 8 टक्क्यांवर वाळला, की सव्वाचार क्विंटलांहून जास्त वजन घटते. ओलावा न मोजता भाव देणारा जिनिंगच्या दारात पोचण्याआधीच तोट्यात असतो. पुढे रुईचा उतारा, सरकीचा भाव, खंडीचा हिशेब. रावेर-यावलकडे धडा वेगळा: नवती, पिलबाग आणि वापसी अशा वेगवेगळ्या प्रतींची केळी एका भावाने उचलली, तर चांगला माल व्यापाऱ्याकडे जातो आणि कंपनीच्या वाट्याला उरलेला येतो. हे फळ्यावर समजते. हाताला वळते ते ट्रक भरतानाच.

वेळापत्रकही पिकाने ठरवावे. कापसाच्या कंपनीला ऑक्टोबर ते जानेवारी वर्गासाठी सवड नसते. आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर) पेरणीपर्यंतचे दिवस तिला सोयीचे, पण त्याच उन्हाळ्यात केळीवाल्यांची कापणी जोरात असते. एकच तुकडी, एकच तारीख हा आखणाऱ्याच्या सोयीचा मार्ग आहे.

संचालकांना वगळून सीईओला एकट्यालाच शिकवणे हा आखणीतला मोठा दोष. सभासदाला शेअर कितीही असोत, मत एकच; त्यामुळे संचालक मंडळ नात्यागोत्यावर निवडून येऊ शकते. अशा वेळी विशीतला, बाहेरून आलेला पदवीधर अध्यक्षांच्या चुलत्याचा ओला कापूस परत पाठवेल, ही अपेक्षा भाबडी ठरते. म्हणून ओलावामापक हाती घेण्याचा पहिला तास संचालकांचा असावा, आणि नकाराचा ठराव त्यांनीच आधी करून ठेवावा.