राज्य कारागृहांची उभारणी व स्थानिक झोनिंगमधून सूट (अमेरिका)

कोणत्या जागेवर काय बांधता येईल हे ठरवणारे गावाचे झोनिंगचे नियम तुरुंग बांधणाऱ्या राज्य सरकारला लागू होतात का, हा अमेरिकेतला जुना वाद. झोनिंगचा अधिकार नगरपालिकांना राज्याच्याच कायद्यातून मिळतो, म्हणून न्यायालये बहुधा राज्याच्या बाजूने झुकतात. सूट कुठवर द्यायची, याचे निकष मात्र राज्यागणिक निराळे आहेत.

मिशिगनमधील ‘डिअर्डन विरुद्ध डेट्रॉइट’ (१९७८) हा या विषयातला महत्त्वाचा निकाल. कॅथलिक आर्चडायोसीजची एक इमारत भाड्याने घेऊन तिथे कैद्यांचे पुनर्वसन केंद्र काढायचे राज्याच्या सुधारगृह विभागाने ठरवले. शहराच्या झोनिंग मंडळाने परवानगी नाकारली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कायदेमंडळाचा हेतू काय होता एवढेच पाहिले. दंडसंस्थांवर विभागाचा ‘अनन्य’ अधिकार राहील, असे कायद्यातच म्हटले होते. तेवढ्यावर शहर हरले.

न्यू जर्सीने दुसरी वाट धरली. १९७२ च्या रटगर्स विद्यापीठाच्या खटल्यात तुरुंगाचा संबंध नव्हता, वाद विवाहित विद्यार्थ्यांच्या घरांचा होता. पण त्यातली कसोटी पुढे इतर राज्यांतही वापरली गेली: प्रकल्पाचे स्वरूप, लोकहित आणि गावावर होणारा परिणाम एकत्र तोलायचे. सूट मिळाली तरी राज्याने मनमानी करू नये, स्थानिकांचे आक्षेप ऐकून घ्यावेत, असेही न्यायालयाने बजावले. डेट्रॉइटच्या निकालापेक्षा ही भूमिका अधिक न्याय्य वाटते.

गंमत अशी, की मोठ्या तुरुंगांना विरोधच होतो असे नाही. रोजगार घटलेली ग्रामीण गावे अनेकदा ते मागून घेतात. भांडणे पेटतात ती शहरी वस्तीतल्या छोट्या पुनर्वसन केंद्रांवरून. शिवाय झोनिंगमधून सुटका झाली तरी पाणी आणि सांडपाण्याची सोय करावीच लागते. ती गावाच्या हाती असेल, तर गावाचे खरे बळ तिथेच. खासगी कंपनीच्या तुरुंगाला राज्याची सूट आपोआप मिळते असे धरून चालता येत नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ५८ खाली येतो. सरकारी खात्याने बांधकामाच्या किमान ३० दिवस आधी नियोजन प्राधिकरणाला लेखी कळवायचे असते. आक्षेप आल्यास खात्याने आराखडा बदलावा किंवा प्रकरण राज्य शासनाकडे पाठवावे. अंतिम निर्णय शासनच देते.